कलम पंचवीस आणि लिमये काकूंची मागची खोली

वकिलाच्या ऑफिसात दोन गोष्टी आपोआप साठतात, धूळ आणि किस्से. धूळ निदान दिवाळीला झटकली जाते. किश्शांना कुणी हात लावत नाही, कारण कुठला कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही!

आमचं ऑफिस मयूर विहारमध्ये, एका केमिस्टच्या दुकानाच्या वर. पठारे मॅडमचं. मॅडम मूळच्या नगरच्या. दिल्लीत वकिली करून केस पांढरे झाले, पण हिंदी अजून नगरचीच. दर शनिवारी त्या एक टेबल मोकळं ठेवतात. ज्याला धर्मावरून किंवा जातीवरून कुठे अडवलं, नाकारलं, हाकललं असेल, त्यानं यावं आणि फुकट सल्ला घेऊन जावा.

त्या टेबलाशी आम्ही तिघं बसतो. मी मुक्ता, लातूरची, मॅडमची ज्युनिअर. सगळा देश या आर्थिक वर्षातच सुधारावा, असं माझं साधारण म्हणणं असतं. दुसरी ज्युनिअर रूथ साळवे, श्रीरामपूरची. ती आमच्यातली सगळ्यात हुशार आहे आणि हे तिला माहीत आहे. तिसरा इम्रान शेख, परभणीचा. यूपीएससीची तयारी करतो, पोटापुरतं आमच्याकडे टायपिंग करतो आणि मला 'ताई' म्हणतो. मी त्याच्यापेक्षा लहान आहे, हे कितीदा सांगितलं तरी काही फरक पडत नाही.

या टेबलावर दुष्ट माणसं एका बाजूला आणि बिचारी माणसं दुसऱ्या बाजूला बसत असतील, असं मला सुरुवातीला वाटायचं. तसं नसतं यार! आमच्याकडे बहुतेक वेळा दोन हक्क येतात, एकाच ई-रिक्षातून, एकमेकांच्या मांडीवर बसून.

*

इम्रानला गाझियाबादची खोली सोडावी लागणार होती. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि नव्या जोडप्याला वरचा मजला हवा होता. त्यात धर्माबिर्माचा काही संबंध नव्हता. मालकीणबाईंनी तर याला लग्नाचं निमंत्रणही दिलं होतं! प्रश्न पुढच्या खोलीचा होता. मुख्य परीक्षा तोंडावर आलेली. खोली मिळाली नाही तर परभणीला परत. आणि "परभणीला परत गेलेला मुलगा परीक्षेला बसत नाही, काकांच्या दुकानात बसतो," असं इम्रान स्वतःच म्हणायचा. हसत म्हणायचा, पण म्हणायचा.

फोन मी करायचा असं ठरलं. माझ्या नावानं संभाषण निदान सुरू तरी होतं.

"मॅडम, कमरा एकदम बढिया है," दलाल म्हणाला. "लड़के का नाम?"

मी नाव सांगितलं.

"मॅडम, मुझे कोई दिक्कत नहीं. मालिक को भी कोई दिक्कत नहीं. बस, वो बिल्डिंग में मंदिर है."

"मंदिर खोलीत आहे?" चिडले की माझी हिंदी मराठी होते.

"नहीं जी. पार्किंग में."

"मग मुलगा पार्किंगमध्ये झोपणार नाहीये!"

"मॅडम, लोगों की आस्था है ना. आस्था में हम क्या बोलें."

मग मी रीतसर भडकले. कलमं सांगितली, तक्रार करीन म्हणाले, आणि शेवटी हुकमाचा पत्ता टाकल्यासारखं म्हणाले, "मैं वकील हूँ!"

"आप वकील हैं?" दलालाच्या आवाजात पहिल्यांदाच खरी भीती होती. "तो मॅडम, ये नंबर भूल जाइए. मुसलमान के लिए मालिक एक बार सोच भी ले, वकील को तो बिल्कुल नहीं देगा!"

स्पीकर चालू होता. इम्राननं खुर्चीतून उठून माझ्याशी हात मिळवला.

"वेलकम, ताई."

*

एका शनिवारी एक मराठी गृहस्थ आले, केंद्र सरकारच्या नोकरीतले. शर्ट इस्त्रीचा, बोलणं मोजकं. त्यांना आणि त्यांच्या बायकोला बाप्तिस्मा घ्यायचा होता. कुणी भुलवलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. बरेच दिवस वाचत होते, मनाला पटलं होतं. प्रश्न मुलीच्या जातीच्या दाखल्याचा होता.

मॅडमनी सरळ सांगितलं. अनुसूचित जातीचा दाखला हिंदू, शीख किंवा बौद्ध असलात तरच. ख्रिस्ती झालात की तो जातो. त्याच्याबरोबर सवलती जातात आणि अत्याचारविरोधी कायद्याचं कवचही जातं.

गृहस्थांनी उजळणी केली. "म्हणजे संविधान सांगतं, मनाला पटेल तो देव मान."

"हो."

"आणि मानला की दाखला जातो."

"हो."

"आणि आमच्या गावातले लोक? ते मला काय समजतील?"

याचं उत्तर रूथनं दिलं, फाइलमधून मान वर न करता. "तेच समजतील. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. देव बदलला, पाणवठा नाही बदलला."

गृहस्थांनी आपल्या दाखल्याची घडी घातली. मग म्हणाले, "मॅडम, एक करता येईल का? जो साहेब माझा दाखला काढून घेईल, त्यानंच गावाला एक नोटीस पाठवावी. सदर इसमाची जात गेलेली आहे, ग्रामस्थांनी कृपया नोंद घ्यावी!"

आम्ही कुणीच हसलो नाही. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही शनिवारी आमच्याकडे ड्राफ्टिंगला येत जा."

ते पुन्हा आले नाहीत. देवाचं काय ठरलं, कुणास ठाऊक. मला अजून कुतूहल आहे.

*

मग एक शिक्षिका आली. एका मिशनच्या शाळेनं तिला मुख्याध्यापिका करायचं नाकारलं होतं, कारण त्यांना त्या खुर्चीत आपल्या समाजाची बाई हवी होती. मी तिला समजावलं की अल्पसंख्याकांना आपल्या संस्था आपल्या पद्धतीनं चालवायचा हक्क आहे, कलम तीस, आणि तो का महत्त्वाचा आहे. चांगलं समजावलं. ती बिचारी 'थँक्यू' म्हणून गेली.

दार बंद झाल्यावर इम्राननं टायपिंग थांबवलं.

"ताई, एक विचारू? शाळेनं आपला माणूस घेतला तर हक्क. त्या पार्किंगच्या मंदिरवाल्यांनी आपला माणूस घेतला तर भेदभाव. फरक काय?"

मी कलम तीसचं पान पुन्हा उघडलं.

"परीक्षेत येऊ शकतं, म्हणून विचारतो," तो म्हणाला.

"अरे, कमी संख्येच्या समाजाला..." मी सुरू केलं.

"आमच्या मोहल्ल्यात तर मंदिरवाले कमी आहेत."

तेवढ्यात रूथ म्हणाली, "शाळेचं मला विचारा. इथे येण्याआधी तिथे मीही अर्ज केला होता. मलाही नाही घेतलं."

"पण तू तर ख्रिश्चन आहेस!"

"हो, पण त्यांच्या पंथाची नाही. देव तोच, ब्रँच वेगळी. इथलं खातं तिथे चालत नाही."

मी हताश होऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि विचारलं, "मॅडम, फरक आहे ना? असायलाच हवा!"

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "आहे. पण ज्या दिवशी तुला तो एका वाक्यात सांगता येईल ना, त्या दिवशी समज की तुला तो कळलेला नाही. चहा सांग."

*

खोली शेवटी अगदी मागच्या गल्लीत निघाली.

आमच्या ऑफिसच्या मागे मराठी लोकांची एक जुनी सोसायटी आहे. तिथल्या लिमये काकू मॅडमच्या अशील. यजमान गेल्यावर फ्लॅट नावावर करायचं काम मॅडमनी केलं होतं. काकू पंचाहत्तरीच्या पुढच्या, कडक सोवळ्याच्या. ऑफिसात आल्या की स्वतःची पाण्याची बाटली आणि बसायला स्वतःचा रुमाल! मुलगी कॅनडात. मागची खोली रिकामी. त्यांनी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं, 'खोली देणे आहे. नीट मराठी बोलणारा विद्यार्थी हवा.'

धर्माचा उल्लेख नव्हता. मी म्हटलं, उल्लेख नसतो तिथेच तो असतो. इम्रान म्हणाला, फोन करून बघू.

काकूंनी नाव विचारलंच नाही. विचारलं, "दिल्लीत वाढलास की तिकडे?"

"परभणीला, काकू."

"मग सांग बरं, आमच्या मागच्या खोलीत भिंतीत एक फडताळ आहे. फडताळ म्हणजे काय?"

"भिंतीतलं कपाट. आमच्या आजीचं होतं, त्यात ती लोणच्याची बरणी लपवायची."

"ये बाबा," काकू म्हणाल्या. "माझी नातवंडं त्याला 'दॅट होल' म्हणतात!"

म्हणजे हाही भेदभावच झाला, भाषेवरून! पण आम्ही तिघंही गप्प बसलो. आमच्या बाजूचा भेदभाव होता ना.

तो खोली बघून आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. खिडकीखाली टेबल मावतं, म्हणाला. समोर कडुनिंब आहे. कुणाचा टीव्ही ऐकू येत नाही. नाव काकूंनी निघताना विचारलं होतं. ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या यजमानांच्या ऑफिसात एक इम्रान होते. फार वक्तशीर माणूस. तू आहेस का?"

*

पण त्या सोसायटीत एक पद्धत आहे. नवा भाडेकरू आला की व्यवस्थापन समिती त्याची मुलाखत घेते आणि मगच एनओसी देते. समितीत सगळे केंद्र सरकारातून निवृत्त झालेले अधिकारी. सेक्रेटरी नाडकर्णी साहेब तर कुठल्याशा मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर होते. समोर तरुण मुलगा बसला की या मंडळींच्या अंगात यूपीएससीचा बोर्ड येतो, असं काकूंनीच सांगितलं होतं.

आम्ही काय केलं असेल? तयारी! ऑफिसात मॉक इंटरव्ह्यू घेतले. मॅडम चेअरपर्सन, मी कायद्याची मेंबर, आणि उमेदवाराला चिडवणारी मेंबर रूथ. हे काम तिनं मनापासून केलं.

"मिस्टर शेख, तुम्हाला तुमच्या लोकांत राहायला काय होतं?"

"मॅम, मी माझ्याच लोकांत राहायला चाललोय. मराठी सोसायटी आहे."

"वा! पण घामाघूम होऊ नकोस. पुन्हा."

आणि सगळ्यांनी त्याला एकच गोष्ट बजावली. एकांगी बोलायचं नाही. दोन्ही बाजू मांडायच्या. उत्तर बॅलन्स्ड हवं!

इम्रान इस्त्रीचा शर्ट, टाय घालून गेला. समितीनं आधी छंद विचारले. मग परभणीचं हवामान. मग नाडकर्णी साहेब खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "समजा, धर्मस्वातंत्र्य आणि समानता यांच्यात संघर्ष आला. तुमची भूमिका काय राहील?"

हाच प्रश्न आम्ही चारदा घोटून घेतला होता! इम्रान सुरू झाला. एका बाजूला प्रत्येक नागरिकाची प्रतिष्ठा आहे, धर्मावरून कुणाला नाकारणं हे बंधुतेच्या विरुद्ध आहे. दुसऱ्या बाजूला समविचारी लोकांना एकत्र राहण्याचा, आपल्या श्रद्धा आणि चालीरीती जपण्याचा हक्कही मोलाचा आहे, आणि तो न्यायालयांनीही वेळोवेळी मान्य केला आहे. त्यामुळे घाई न करता, संयमानं, दोन्ही हक्कांचा मान राखून मार्ग काढावा.

"एक्सलंट!" नाडकर्णी साहेब म्हणाले. दुसऱ्या मेंबरनं बिस्किटांची बशी पुढे केली. तिसरे म्हणाले, "आमच्या काळात बोर्डाला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं."

इम्रान उठताना नाडकर्णी साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू नक्की निवडला जाशील. खोलीचं मात्र... आता तूच इतकं सुंदर सांगितलंस, समविचारी लोकांना एकत्र राहण्याचा हक्क आहे. आम्ही तोच वापरतो. राग नको मानू."

तो परत आला तेव्हा आम्ही तिघी जिन्यात उभ्या होतो.

"काय झालं?"

"इंटरव्ह्यू झकास झाला," इम्रान म्हणाला. "खोली गेली."

मग तो खुर्चीत बसला, टायची गाठ सैल केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "पण ताई, उत्तर बॅलन्स्ड होतं ना?"

त्या दिवशी त्यानं माझ्यासमोरच परभणीच्या गाडीत जागा आहे का, हे बघितलं. होती.

*

दुसऱ्या दिवशी मी एकटीच नाडकर्णी साहेबांवर चाल करून गेले. मॅडमना न विचारता. कलम पंधरा अगदी ओठावर होतं.

त्यांनी दार उघडलं, बसवलं, कोकम सरबत दिलं. त्यामुळे माझा अर्धा राग तिथेच वाया गेला.

"कलम पंधरा," मी म्हणाले. "धर्मावरून कुणालाही..."

"पोट-कलम दोन," ते शांतपणे म्हणाले. "दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते. आमची सोसायटी यातली नेमकी कोण?"

मग त्यांनीच एकोणीस एक सी सांगितलं, सहकारी संस्था स्थापन करण्याचं स्वातंत्र्य. मला पाठ असलेलं सगळं त्यांना पाठ होतं, आणि शिवाय पोटनियमही!

"पण का?" मी शेवटी वकिली सोडून विचारलं. "तो मराठी आहे. हुशार आहे. तुम्हाला आवडला सुद्धा. मग का?"

नाडकर्णी साहेबांनी ग्लास खाली ठेवला. "आम्ही दिल्लीत आलो ना, तेव्हा आम्हाला कुणी खोली देत नव्हतं. मद्रासी समजायचे. मासे खातात म्हणायचे. मी एका लग्न झालेल्या मित्राच्या व्हरांड्यात काही महिने काढलेत. म्हणून तर ही सोसायटी उभी केली. म्हटलं, आपल्या माणसाला कुणापुढे हात जोडायला लागू नयेत."

"मग इम्रान..."

"हो," ते म्हणाले. "पण..."

त्या 'पण'च्या पुढे ते गेले नाहीत. मी खूप वाट बघितली. मला खरंच ऐकायचं होतं. सरबत संपलं तरी ते वाक्य पुरं झालं नाही.

ऑफिसच्या जिन्यात मला उत्तर सुचलं. सोसायटी यातली कोण? विहीर! आतून बघितलं तर आकाश तेवढंच दिसतं! मी धावत वर येऊन रूथला सांगितलं.

"मस्त आहे," रूथ म्हणाली. "परत जाऊन सांगून ये."

नाही गेले. व्हरांडा आठवला.

*

लिमये काकू मात्र भडकल्या होत्या. ऑफिसात आल्या, रुमाल अंथरून बसल्या.

"माझी खोली, माझं फडताळ, आणि मुलाखत घेणारे हे कोण? मला कायद्यानं काही करता येतं का?"

मॅडमनी खरं ते सांगितलं. कोर्टात जाता येईल. पण निकाल लागेपर्यंत मुलाची ही परीक्षा होऊन जाईल, कदाचित पुढचीही.

काकूंनी विचार केला. "ते लोक देवाधर्माचं नाव घेतात म्हणून त्यांचं चालतं, असंच ना? मग दुसऱ्या कुणी देवाधर्माचं सांगितलं तर?"

"कलम पंचवीस सगळ्यांनाच आहे," मॅडम म्हणाल्या. "फक्त कोर्ट बघतं, ती प्रथा खरंच त्या धर्माचा गाभा आहे का, की उगाच आपली सोय."

"आणि ते कसं बघतात?"

"अवघड आहे. ग्रंथ बघतात, परंपरा बघतात. माणूस मनापासून मानतो का, तेही बघतात."

"परंपरा किती जुनी लागते?"

"जितकी जुनी तितकी बरी."

"बरं," काकू म्हणाल्या, रुमालाची घडी घातली आणि घरी गेल्या.

*

सोसायटीच्या सभेला काकूंनी मला बरोबर नेलं. मॅडमनी एकाच अटीवर सोडलं होतं, की मी तोंड उघडायचं नाही. आयुष्यातली सर्वांत कठीण केस!

हॉल भरलेला. इम्रान बाहेर बाकावर. गाझियाबादची खोली दुसऱ्या दिवशी रिकामी करायची होती आणि त्याची बॅग आमच्या ऑफिसात येऊन पडली होती. ही बॅग इथे येणार की गाडीत चढणार, तेवढंच ठरायचं होतं.

नाडकर्णी साहेबांनी विषय मांडला. मग हात जोडून म्हणाले, "काकू, तुम्ही इतक्या सोवळ्याच्या. तुमच्या श्रद्धेसाठीच आम्ही म्हणतोय."

काकू उठल्या. "माझ्या स्वयंपाकघरात माझी सख्खी मुलगी पारोशी येत नाही. तुम्ही नाही, हा नाही, कुणीच नाही. मी सगळ्यांना सारखंच बाहेर ठेवते. याला भेदभाव म्हणत नाहीत ना गं, मुक्ता?"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. मला बोलायची बंदी होती. खरं सांगायचं तर, उत्तरही येत नव्हतं! इतका चांगला प्रश्न मला लॉ कॉलेजात कुणी विचारला नव्हता.

"बरं, राहू दे," काकू म्हणाल्या. "नाडकर्णी, धर्मस्वातंत्र्य सोसायटीला असतं, की माणसालाही?"

"माणसालाच, काकू. आधी माणसाला."

"मग माझा धर्म ऐका. आमचे हे वार लावून शिकले. सात वारांना सात घरं. कुणी पोटभर वाढलं, कुणी उंबऱ्याबाहेर बसवून वाढलं. नोकरी लागली तेव्हा त्यांनी देवापुढे संकल्प सोडला, की आपल्या घरात एक तरी विद्यार्थी ठेवायचा. आणि त्याची जात, त्याचा देव विचारायचा नाही. विचारला की पुण्य संपलं! ते गेल्यापासून हा नेम माझ्याकडे आला. तो मोडायला तुम्ही मला सांगताय. त्यांच्या फोटोसमोर मी उभी कशी राहू?"

मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे पुसले. ते म्हणाले, "माझ्या वडलांनीही वार लावले होते."

नाडकर्णी साहेब मुरलेले अधिकारी. गहिवरले होते, तरी नियम सुटेना. "काकू, भावना समजते. पण हे असं कुठल्या ग्रंथात..."

"नाडकर्णी," काकू म्हणाल्या, "दर रविवारी चित्तरंजन पार्कच्या मासळी बाजारातून तुमची पिशवी लिफ्टनं वर जाते. लिफ्टला दुपारपर्यंत वास येतो. मी कधी ग्रंथ मागितला?"

हॉल फुटला! बायका तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. सगळ्यांत शेवटी खुद्द नाडकर्णी साहेब हसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, समितीच्या इतर दोघांशी कुजबुजले आणि ठराव सांगितला.

"सदर बाब श्रीमती लिमये यांच्या धार्मिक आचरणाची आहे. सबब समिती त्यात हस्तक्षेप करणार नाही."

आजवर या देशात धर्मस्वातंत्र्याच्या नावानं पुष्कळ दारं बंद झालेली मी ऐकली होती. उघडलेलं हे पहिलंच बघितलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सामान हलवलं. रूथ आणि मी पुस्तकांची खोकी, इम्रानकडे गादी. काकूंनी चहा बाहेरच्या खोलीत, कपबश्यांतून दिला. आम्हा तिघांना सारख्याच कपबश्या, हे रूथनं बघून ठेवलं आणि मला कोपरानं ढोसलं.

भिंतीवर लिमये काकांचा फोटो होता. कोट, टोपी, करारी चेहरा. इम्रान त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. सभेतलं सगळं त्यानं खिडकीबाहेरून ऐकलं होतं. त्याचे डोळे भरून आले होते.

"काकू," तो म्हणाला, "काकांनी वार कुठल्या गावात लावले होते? मी एकदा जाऊन येईन तिथे."

"वार?" काकू म्हणाल्या. "कुणी? यांनी?"

"सभेत तुम्ही..."

"अरे, यांचे वडील मामलेदार होते! घरी आचारी होता. हे कशाला जातील कुणाच्या दारात जेवायला? यांना तर गरम पोळी पानात पडल्याशिवाय घास उतरायचा नाही."

मी हातातलं खोकं खाली ठेवलं. रूथनं ठेवलं नाही, ती तशीच उभी राहिली.

"म्हणजे काकू," मी विचारलं, "तो संकल्प...?"

काकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी देवाबद्दल काहीतरी अभद्र बोलले होते.

"संकल्प खोटा नाही हं! सभेच्या दिवशी सकाळीच सोडला. अंघोळ करून, देवापुढे, पळीभर पाणी सोडून."